क्रूझवरचे पेयांचे पॅकेज घ्यावे का? (सिंगापूरहून चार रात्री, तीन मोठी माणसे आणि एक मुलगा)

पारिजातक (घोडबंदर रोड, ठाणे)

नमस्कार. येत्या मे महिन्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, यजमान, सासूबाई आणि पंधरा वर्षांचा मुलगा, सिंगापूरहून सुटणाऱ्या रॉयल कॅरिबियनच्या चार रात्रींच्या सफरीला जाणार आहोत. पिनांग आणि फुकेत ही दोन बंदरे आहेत आणि एक दिवस पूर्ण समुद्रात आहे. केबिन दोन घेतल्या आहेत. बोटीचे आणि विमानाचे पैसे भरून झाले. आता ॲप उघडले की दर वेळी पेयांच्या पॅकेजची जाहिरात समोर येते.

आम्हाला दिसणारा दर माणशी दिवसाला ७० डॉलर आहे आणि त्यावर १८ टक्के सेवाशुल्क आहे. यजमान महिन्यातून दोनतीनदा मित्रांबरोबर दोन पेग घेतात. मी घेत नाही, सासूबाईंचा तर प्रश्नच नाही. मात्र एका केबिनमधल्या एकाने दारूचे पॅकेज घेतले, तर त्याच केबिनमधल्या प्रत्येक प्रौढाला ते घ्यावे लागते, असा नियम आहे. म्हणजे त्यांच्यासाठी घ्यायचे, तर माझ्यासाठीही घ्यावे लागणार. चार रात्रींचे दोघांचे मिळून ६६० डॉलर ८० सेंट होतात. डॉलर ८८ रुपयांना धरला तर सुमारे ५८,१५० रुपये.

यजमानांचे म्हणणे असे की, आयुष्यात एकदा जातो आहोत, तिथे प्रत्येक ग्लासामागे दरपत्रक बघत बसायचे का? त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही आणि आकडाही गळी उतरत नाही. जे जाऊन आले आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

त्रैराशिक (वाशी)

आधी आकडे मांडू, मग मनाचे बोलू. सेवाशुल्क धरून पॅकेज दिवसाला ८२ डॉलर ६० सेंटला पडते. एक कॉकटेल साधारण १४ डॉलरचे धरले, तर भागाकार ५.९ येतो. म्हणजे माणशी रोज सहा कॉकटेल घेतली तरच पॅकेजचे पैसे वसूल होतात. तुमच्या बाबतीत तुम्ही घेतच नसल्यामुळे दोघांचे मिळून जवळजवळ बारा ग्लास एकट्या यजमानांनी घ्यायला हवेत. हे शक्य नाही आणि इष्टही नाही.

मोगरा (पाचपाखाडी, ठाणे)

चार दिवसांत बारा नव्हे, रोज बारा! ताई, माझ्या मते उत्तर इथेच मिळाले.

हिशेबनीस (बेलापूर)

त्रैराशिक यांच्या मांडणीत एक चूक राहिली आहे, ती दुरुस्त करतो. सेवाशुल्क फक्त पॅकेजवर लागते असे नाही; बारमध्ये सुटा ग्लास घेतला तरी त्या बिलावर तेच १८ टक्के लागतात. त्यामुळे तुलना करताना दोन्ही बाजूंना ते धरावे किंवा दोन्ही बाजूंनी सोडून द्यावे. ७० भागिले १४ म्हणजे नेमके पाच. बिअर घेणाऱ्यासाठी मात्र हा आकडा वर जातो, कारण बिअर ९ डॉलरची धरली तर जवळजवळ आठ बाटल्या होतात. पॅकेज फायद्याचे आहे की नाही हे किती पिता यापेक्षा काय पिता यावर जास्त अवलंबून असते, आणि ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

दुसरे म्हणजे, पॅकेज संपूर्ण सफरीचे घ्यावे लागते. फक्त समुद्रातल्या दिवसापुरते मिळत नाही. पिनांगला आणि फुकेतला तुम्ही सकाळी उतरणार आणि संध्याकाळी थकून परत येणार. पहिल्या दिवशी बोटीवर पाऊल ठेवेपर्यंत दुपार होते. चार दिवसांचे पैसे भरून पूर्ण दिवस वापरायला मिळतो तो एकच.

त्रैराशिक (वाशी)

बरोबर आहे, सुट्या बिलावरचे सेवाशुल्क मी धरले नव्हते. पाच हाच आकडा योग्य. निष्कर्ष मात्र बदलत नाही.

कोपरीकर (कोपरी, ठाणे)

सगळे एकाच बाजूने बोलत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी आणि सौ. बार्सिलोनाहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या सफरीवर पॅकेज घेऊन गेलो होतो, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. पॅकेज म्हणजे केवळ दारू असे धरून हिशेब केला की तो चुकतो. आमच्या पॅकेजमध्ये सकाळची कॅपुचिनो, दुपारी ताज्या संत्र्यांचा रस, सौ.साठी दिवसाला दोनतीन मॉकटेल, जेवताना वाइनचा एक ग्लास आणि बाहेर फिरायला जाताना पाण्याच्या बाटल्या, हे सगळे होते. मी दिवसाला दोन किंवा फार तर तीन ड्रिंक्स घेत असे. शेवटी कागदावर बेरीज केली तेव्हा पॅकेजच्या किमतीपेक्षा थोडी कमीच भरली, हे प्रामाणिकपणे सांगतो.

पण एक गोष्ट बेरजेत येत नाही. आमची पिढी बाहेर गेल्यावर मेनूकार्डाची उजवी बाजू आधी वाचते. सौ.ने पंचवीस वर्षे घर चालवताना स्वतःसाठी बाहेर एक ज्यूससुद्धा कधी मागवला नाही. तिसऱ्या दिवशी ती एकटी बारपाशी गेली, अननसाचे एक मॉकटेल मागवले, चाखले, आवडले नाही म्हणून ठेवून दिले आणि दुसरे मागवले. मी लांबून बघत होतो. त्या एका ग्लासासाठी मी ते पैसे पुन्हा देईन.

मोगरा (पाचपाखाडी, ठाणे)

कोपरीकर काका, हे वाचून डोळे भरून आले. तरीही विचारते, वहिनींसाठी केवळ मॉकटेल आणि कॉफीचे स्वस्त पॅकेज घेता आले नसते का?

कोपरीकर (कोपरी, ठाणे)

एका केबिनचा नियम तिथेही होता, म्हणून नाही.

नांगर (नेरूळ)

मी मर्चंट नेव्हीत इंजिन विभागात बावीस वर्षे काढली. मालवाहू जहाजांवर होतो, प्रवासी जहाजांवर नव्हे, पण पाण्याबद्दल अधिकाराने सांगू शकतो. पॅकेजच्या हिशेबात लोक बाटलीबंद पाणी धरतात, आणि ते धरण्याचे कारण नाही.

जहाजावरचे पाणी समुद्राच्या पाण्यापासून तयार होते. इंजिन थंड ठेवण्यासाठी फिरणारे पाणी ८० अंशांच्या आसपास तापलेले असते. ती उष्णता वापरून समुद्राचे पाणी उकळतात. पात्रात हवेचा दाब कमी केलेला असल्याने ते शंभर अंशांच्या कितीतरी आधीच उकळते, आणि वाफ थंड केली की गोडे पाणी मिळते. नव्या जहाजांवर रिव्हर्स ऑस्मोसिसचे संच असतात. आपल्या घरातल्या आरओचेच ते मोठे रूप समजा. पुढे त्यात क्षार मिसळतात, क्लोरीन घालतात आणि मगच ते नळाला येते. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या प्रवासी जहाजांची तर तिथल्या सीडीसी या आरोग्यसंस्थेकडून तपासणीही होते. बुफेमधल्या यंत्रातून ग्लास भरून घ्यावा आणि घरून रिकामी स्टीलची बाटली न्यावी. चवीला किंचित क्लोरीन जाणवेल, पण पाणी उत्तम असते.

पाण्याखेरीज बुफेमध्ये साधा चहा, साधी कॉफी, सरबत आणि न्याहारीच्या वेळी फळांचे रस तिकिटातच येतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या कंपनीच्या एकूण उत्पन्नाचा साधारण तीस टक्के भाग तिकिटाखेरीज बोटीवर होणाऱ्या खर्चातून आणि इतर बाबींतून येतो. तिकीट घेतल्यापासून रोज येणारी जाहिरात त्यासाठीच असते. त्यात फसवणूक नाही, तो त्यांचा धंदा आहे. पण आपण त्यांच्या यादीवरून नव्हे, घरच्या सवयीवरून ठरवावे.

खाडीपल्याड (ऐरोली)

आमचा अनुभव मुंबई–गोवा मार्गावरचा, दोन रात्रींचा. बोटीचे नाव लिहीत नाही. आम्ही सहा मित्रांनी उत्साहात आधीच पॅकेज घेतले. संध्याकाळी सामान तपासणी, मग सुरक्षेची कवायत, मग जेवणाची रांग, यात रात्रीचे साडेनऊ झाले. बारसमोर अर्धा अर्धा तास उभे राहावे लागले, कारण पॅकेज घेतलेले सगळेच एकाच वेळी तिथे आले होते. दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी दोघांना बोट लागली, तर तिसऱ्या दिवशी सकाळी उतरायचे होते. त्या दोघांनी पॅकेजवर मिळून एक ताजा लिंबू सोडा घेतला. पैसे परत मागितले तेव्हा अटी दाखवण्यात आल्या, आणि अटींत खरोखरच तसे लिहिलेले होते. आम्ही त्या वाचल्या नव्हत्या. छोट्या सफरीला पॅकेज घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

तलावपाळी (नौपाडा, ठाणे)

एकाने घ्यायचे आणि दोघांनी वापरायचे, असे जमत नाही का?

हिशेबनीस (बेलापूर)

जमवू नये. प्रत्येक ग्लासासाठी आपले सीपास कार्ड (बोटीवरचे ओळखीचे आणि खर्चाचे कार्ड) द्यावे लागते, ते लावले की बारवाल्यासमोर आपला फोटो येतो, आणि एका वेळी एकच पेय मिळते. आपले पेय दुसऱ्याला देताना आढळल्यास पैसे परत न करता पॅकेज रद्द करता येते, असे अटींत असते. परदेशी बोटीवर मुलासमोर तशी वेळ येऊ देऊ नये.

स्टेथोस्कोप (खारघर)

मी व्यवसायाने डॉक्टर आहे. पैशांचा हिशेब वर चांगला झाला आहे, म्हणून शरीराचा मांडतो.

आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असते. तीस मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये त्यामुळे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते. अमेरिकेत एक प्रमाणित ड्रिंक १४ ग्रॅमचे धरतात. त्या मापाने ओतलेला एक ग्लास म्हणजे आपला जवळजवळ दीड छोटा पेग. पैसे वसूल करण्यासाठी लागणारे पाच ग्लास म्हणजे ७० ग्रॅम, म्हणजेच आपले सात छोटे पेग, आणि तेही रोज. कार्निव्हल कंपनीच्या पॅकेजवर चोवीस तासांत पंधरा मद्यपेयांची मर्यादा आहे. मर्यादा आहे याचे समाधान मानावे, तर तो आकडाच छातीत धडकी भरवणारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, आरोग्याला अजिबात धोका नाही असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही.

माझी काळजी पिणाऱ्यांबद्दल नाही तेवढी ‘वसूल’ या शब्दाबद्दल आहे. जो माणूस घरी दोन पेगांवर थांबतो, तो पैसे भरलेले आहेत म्हणून चौथा घेतो. माझ्याकडे असे एक गृहस्थ आले होते. सुट्टीहून परतल्यावर आठवडाभर त्यांचा रक्तदाब खाली येईना. ते घरी कधीच इतके पीत नव्हते.

दोन व्यावहारिक सूचना करतो. बोट लागू नये म्हणून आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी ॲव्होमिनसारखी गोळी आणि दारू एकत्र घेऊ नये. दोन्हींमुळे गुंगी येते आणि हलत्या जिन्यावर तोल जातो. शिवाय नशेत असताना झालेली दुखापत प्रवासविम्यातून बहुधा वगळलेली असते, म्हणून पॉलिसी वाचावी.

कोपरीकर (कोपरी, ठाणे)

डॉक्टरसाहेब, तुमचे म्हणणे शिरसावंद्य आहे. मी दोनतीन ग्लासांवरच थांबलो, म्हणूनच माझी बेरीज कमी भरली होती. पैसे भरूनही जो तिथेच थांबू शकतो, त्यानेच पॅकेज घ्यावे, ही अट माझ्या आधीच्या प्रतिसादात जोडून वाचावी.

उपवन (वर्तकनगर, ठाणे)

पारिजातक ताई, केबिन दोन आहेत ना? मग यजमान आणि मुलगा एका केबिनमध्ये, तुम्ही आणि सासूबाई दुसऱ्या केबिनमध्ये, अशी नोंद करता येईल. नियम प्रौढांना लागू असतो, पंधरा वर्षांच्या मुलाला नाही. त्यामुळे पॅकेज घ्यायचेच ठरले, तर ते एकट्या यजमानांचे घ्यावे लागेल आणि खर्च निम्म्यावर, म्हणजे ३३० डॉलर ४० सेंटवर येईल. मुलासाठी थंड पेयांचे वेगळे पॅकेज मिळते. त्यात एक ग्लास देतात आणि तो यंत्रावर लावून पुन्हा पुन्हा भरता येतो. ही अदलाबदल एजंटकडून लेखी निश्चित करून घ्यावी.

सिंगापूरहून सुटणाऱ्या या कंपनीच्या सफरींवर मद्यासाठी किमान वय १८ आहे, तर अमेरिकेहून सुटणाऱ्यांवर २१ आहे. ज्यांची मुले एकोणीस-वीस वर्षांची आहेत, त्यांना केबिनचा नियम सिंगापूरला लागू होईल, हे लक्षात ठेवावे.

मोगरा (पाचपाखाडी, ठाणे)

डिस्नेच्या बोटींवर अमर्याद दारूचे पॅकेज नसतेच, आणि जेवणाबरोबर थंड पेये तिकिटातच येतात. ज्यांना हा सगळा प्रश्नच नको आहे, त्यांनी तसाही विचार करावा.

पारिजातक (घोडबंदर रोड, ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर हा धागा यजमानांना पहिल्यापासून वाचून दाखवला. डॉक्टरांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. केबिनची अदलाबदल आम्ही आजच करून घेतली, कारण सासूबाईंना रात्री सोबत हवीच होती. आता पॅकेज एकाचेच घ्यायचे किंवा घ्यायचेच नाही, एवढा प्रश्न उरला आहे.

सासूबाईंचा प्रश्न निराळाच आहे. पहाटे साडेपाचला आल्याचा चहा मिळाला नाही तर त्यांचा दिवस सुरू होत नाही. केबिनमध्ये स्वतःची किटली नेऊ देतात का?

नांगर (नेरूळ)

नाही. पाणी तापवणारी उपकरणे आगीच्या भीतीने बोटीवर चढतानाच काढून घेतात, आणि ते योग्यच आहे. समुद्रात आगीसारखा दुसरा शत्रू नाही. चहाचा मसाला घरून न्या, गरम पाणी बुफेवर मिळते.

चेकबुक (सानपाडा)

दोन गोष्टी पैशांबद्दल. बोटीवरचा खर्च डॉलरमध्ये होतो. आपल्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनासाठी बँका साधारण दोन ते साडेतीन टक्के आकारतात आणि त्या आकारणीवर जीएसटी लागतो. मोठे बिल होणार असेल तर फॉरेक्स कार्ड भरून न्यावे. कुठेही ‘रुपयांत बिल घ्यायचे का’ असे विचारले तर डॉलरच सांगावे, कारण रुपयांचा दर ते स्वतःच्या सोयीने लावतात.

पॅकेजचा दरही स्थिर नसतो. बोटीवर चढल्यावर तो बहुधा महाग असतो, आधी घेतल्यास स्वस्त. आधी घेतलेले पॅकेज सफर सुरू होण्यापूर्वी रद्द करून कमी दराने पुन्हा घेता येते. म्हणून ज्यांचे नक्की ठरले आहे, त्यांनी लवकर घ्यावे आणि दरावर नजर ठेवावी.

हिशेबनीस (बेलापूर)

अजून एक सोय आहे. या कंपनीत चढण्याच्या दिवशी प्रत्येक प्रौढाला वाइनची ७५० मिलिलिटरची एक बाटली सोबत नेता येते. ती केबिनमध्ये उघडली तर वेगळा आकार नाही. रेस्टॉरंटमध्ये नेली तर बाटली उघडण्याचे शुल्क लागते. बोटीवरच्या दुकानात घेतलेली दारूची बाटली मात्र शेवटच्या रात्रीपर्यंत हातात देत नाहीत, त्यामुळे त्या भरवशावर राहू नये.

पारिजातक (घोडबंदर रोड, ठाणे)

नमस्कार. आम्ही गेल्या आठवड्यात परतलो. तुम्ही सर्वांनी एवढा वेळ दिला, म्हणून हिशेब देणे माझे कर्तव्य समजते.

दारूचे पॅकेज आम्ही घेतले नाही. मुलासाठी थंड पेयांचे घेतले. तो खर्च दोन्ही पर्यायांत सारखाच होता, म्हणून तुलनेत धरलेला नाही. यजमानांचे चार रात्रींचे बिल असे झाले. पहिल्या संध्याकाळी एक कॉकटेल आणि एक बिअर, पिनांगच्या रात्री दोन बिअर, फुकेतच्या दिवशी काहीच नाही, आणि समुद्रातल्या दिवशी दोन कॉकटेल व एक बिअर. कॉकटेल १४ डॉलरला आणि बिअर ९ डॉलरला, त्याप्रमाणे ७८ डॉलर आणि सेवाशुल्कासह ९२ डॉलर ४ सेंट. मी दोन मॉकटेल घेतली, त्यांचे २१ डॉलर २४ सेंट. एकूण ११३ डॉलर २८ सेंट, म्हणजे पहिल्या हिशेबाच्याच दराने सुमारे ९,९७० रुपये. कुठे ५८,१५० आणि कुठे हे.

फुकेतला यजमानांनी काही घेतले नाही, कारण त्या उन्हात फिरून आल्यावर त्यांना फक्त शहाळ्याचे पाणी हवे होते, आणि ते किनाऱ्यावरच मिळाले. हिशेबनीस यांनी बंदराच्या दिवसांबद्दल लिहिले होते ते तंतोतंत खरे ठरले.

कोपरीकर काकांनाही सांगायचे आहे. समुद्रातल्या दिवशी डेकवर बसलो असताना यजमानांनी दुसरे कॉकटेल मागवण्याआधी दर पाहायला मेनूकार्ड हातात घेतले, आणि ते मला दिसले. त्या क्षणी वहिनींचा ग्लास आठवला. मी कार्ड त्यांच्या हातातून घेतले आणि मिटून ठेवले. तेवढे एक कॉकटेल त्यांनी दर न बघता घेतले.

कोपरीकर (कोपरी, ठाणे)

ताई, तुमचा निर्णय तुमच्यासाठी योग्यच होता. कार्ड मिटलेत, हे फार चांगले केलेत.

मोगरा (पाचपाखाडी, ठाणे)

आणि सासूबाईंच्या चहाचे काय झाले?

पारिजातक (घोडबंदर रोड, ठाणे)

पहिल्या पहाटे बुफेमध्ये गरम पाणी, टी बॅग आणि थंड दुधाच्या छोट्या पुड्या मिळाल्या. त्यांनी एक घोट घेतला आणि कप बाजूला ठेवला. तिथे काम करणारा एक मुलगा देवगडचा निघाला. आमचे मराठी बोलणे ऐकून तो जवळ आला, आत गेला आणि उकळलेल्या दुधाचा लहान जग घेऊन आला. त्यात दोन टी बॅग बुडवून सासूबाईंनी पिशवीतली आले-वेलचीच्या मसाल्याची डबी काढली आणि चमचाभर मसाला घालून जग बशीने झाकून ठेवला. पुढच्या तिन्ही पहाटे आम्ही पोहोचण्याआधी तो जग टेबलावर होता. त्याचे बिल लागले नाही. उतरताना सासूबाईंनी उरलेल्या मसाल्याची डबी त्याला देऊन टाकली.